परत दाखवायला या : विषारी वायूनंतरच्या केसपेपरचा इतिहास

१/
मुंबईतील महापालिका रुग्णालयांच्या ओपीडीत दिवसभर एक वाक्य कानांवर पडत असते : “महिन्याने परत दाखवायला या, आणि येताना केसपेपर विसरू नका.” रुग्णाला ते सूचनेसारखे वाटते, कधी कटकटीसारखे. विषारी वायूने जखमी झालेल्या सामान्य नागरिकांच्या इतिहासात मात्र या वाक्याचे मोल फार मोठे आहे. जिथे ते उच्चारले गेले आणि पाळले गेले, तिथे दुखणे ओळखले गेले. जिथे ते हवेत विरले, तिथे माणसे आजारी राहिली आणि कागदोपत्री बरी झाली. आजचा धागा या वाक्याविषयी : चेंबूर आणि खारपासून भोपाळपर्यंत, आणि तिथून परत मुंबईच्या उपनगरांत, माहुलपर्यंत.

२/
आरंभ रणांगणावर होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र नगराजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच परिसरात वायूच्या लोटात सापडली. त्या दिवशीच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूचा त्रास मात्र त्यांना पुढेही जाचत राहिला. सैनिकाच्या बाबतीत एक सोय असते. त्याला क्रमांक असतो, पलटण असते, हजेरीपट असतो. तो त्या दिवशी कुठे होता, हे सिद्ध करावे लागत नाही. त्याच्या जखमेची नोंद लष्करी वैद्यकाच्या दप्तरात होते आणि निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने का होईना, त्याला पुन्हा तपासले जाते.

३/
नागरिकाचा हजेरीपट नसतो. वायूच्या रात्री तो घरात झोपलेला असतो, फलाटावर गाडीची वाट पाहत असतो, नाहीतर कामावरून परतत असतो. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून नातेवाइकांकडे जातो. “त्या वेळी तुम्ही तिथे होता, याला पुरावा काय?” हा प्रश्न त्याला डॉक्टरही विचारतात, सरकारही विचारते आणि न्यायालयही. म्हणून नागरिकांच्या पुढील उपचारांचा इतिहास औषधांपासून सुरू होत नाही. तो नोंदवहीपासून सुरू होतो.

४/
भारतातील अशा नागरिकांचा सर्वांत मोठा समूह भोपाळचा. भोपाळ हा शत्रूचा हल्ला नव्हता. ती औद्योगिक दुर्घटना होती, हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाने कधीही पुसू नये. पण फुप्फुसाला हेतू कळत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक बनवण्यासाठी मिथिल आयसोसायनेट, म्हणजे मिक, वापरले जाई. हा मिक ज्या फॉस्जीनपासून बनतो, तो पहिल्या महायुद्धातील अत्यंत घातक युद्धवायूंपैकी एक. खंदकातले रसायन आणि शेतासाठीचे रसायन यांच्यामधली भिंत इतकी पातळ होती.

५/
मिक पाण्याशी झपाट्याने अभिक्रिया करतो, आणि शरीरात डोळे, घसा व फुप्फुसे या सदैव ओल्या जागा. श्वासनलिकांचे आतले नाजूक अस्तर जळते, फुप्फुसात पाणी साचते आणि माणूस जणू कोरड्या जमिनीवर बुडतो. जो यातून वाचतो, त्याची खरी कहाणी पुढे आहे. जळालेले अस्तर भरून येते, पण कधी व्रण ठेवून. बारीक श्वासनलिका आक्रसतात, फुप्फुस ताठरते. हे आठवड्यात दिसत नाही. महिने आणि वर्षे लागतात. त्यामुळे घरी पाठवताना केलेली एकच तपासणी अशा रुग्णाबद्दल फारसे काही सांगू शकत नाही.

६/
आता भोपाळच्या आधीच्या मुंबईकडे वळू. १९५०च्या दशकाच्या मध्यास माहुल-ट्रॉम्बे भागात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पुढे खतांचे आणि रसायनांचे कारखाने आले. युनियन कार्बाइडचाही रसायने व प्लास्टिक तयार करणारा कारखाना ट्रॉम्बेत होता. याच सुमारास चेंबूरच्या वसाहती वाढत होत्या. दादर-गिरगावात जागा न मिळालेली मध्यमवर्गीय कुटुंबे, फाळणीनंतर आलेले निर्वासित, कारखान्यांतले कामगार, सगळे त्या धुराड्यांच्या सावलीत राहू लागले. ‘चेंबूर की गॅस चेंबर’ हा विनोद मुंबईत रूढ झाला. हसताना लोक खोकत होते, आणि त्या खोकल्याची मोजणी कुणी केलेली नव्हती.

७/
ती मोजणी परळच्या केईएम रुग्णालयातील श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार या तीन वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग निवडला. एकूण ४,१२९ जणांची तपासणी झाली. खोकला किती दिवस टिकतो, जिना चढताना धाप लागते का, नळीत जोराने फुंकल्यावर फुप्फुसातून किती हवा बाहेर येते, अशा गोष्टी नोंदवण्यात आल्या. मग पुढील काही वर्षे त्याच माणसांकडे पुन्हा जाण्यात आले. रुग्णालयाच्या दारी न आलेल्या माणसाकडे डॉक्टरांनी जाणे आणि तो बरा असतानाच त्याची नोंद करणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होते.

८/
बऱ्या माणसाची नोंद कशासाठी? दुर्घटनेनंतर पहिला वाद तिच्यावरूनच होतो. “तुमची छाती आधीपासूनच खराब होती; तुम्ही बिडी ओढत होता; तुम्हाला क्षय झाला होता.” जखमी माणसाकडे ‘आधी’चा कागद नसेल, तर त्याच्या ‘नंतर’वर कुणी विश्वास ठेवत नाही. भोपाळच्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत असा ‘आधी’चा कागद कुणाकडेच नव्हता. तिथले बहुसंख्य रहिवासी गरीब होते, आणि गरिबाची श्वसनक्षमता तो बरा असताना कुणी मोजत नाही.

९/
२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातील टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन विषारी वायू शहरावर पसरला. हमीदिया रुग्णालयात पहाटेपर्यंत हजारो माणसे पोहोचली. त्या गर्दीत डॉक्टरांनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जे केले, ते विलक्षण होते. पण हवेत नेमके काय होते आणि त्यावर उतारा कोणता, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. डोळ्यांत थेंब, श्वासासाठी स्टिरॉइड, प्राणवायू, असे हाताशी असेल त्याने उपचार चालले. नावे टिपायलाही सवड नव्हती. पुढील चाळीस वर्षांच्या अनेक वादांचे मूळ त्या सकाळच्या कोऱ्या रकान्यांत आहे.

१०/
चेंबूर-खारच्या अभ्यासाचा अनुभव गाठीशी असलेले केईएमचे पथक या वेळी उपयोगी पडले. डॉ. कामत आणि सहकाऱ्यांनी ११३ वायुबाधितांची तपासणी केली आणि प्राथमिक निरीक्षणे १९८५ मध्येच ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या मुंबईतूनच निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ठरावीक महिन्यांच्या अंतराने, दोन वर्षांपर्यंत, रुग्णांची पुन्हा तपासणी होत राहिली. श्वास, छातीचा एक्स-रे, रक्त, आणि त्या काळात अनेकदा दुर्लक्षिले जाणारे मनाचे आरोग्यही. भीती, उदासीनता, झोप उडणे हे वायूच्या जखमेचेच भाग मानून लिहिले गेले. लाखो बाधितांच्या तुलनेत ११३ हा आकडा लहान आहे. त्याचे महत्त्व त्याच माणसांना पुन्हा पुन्हा पाहण्यात आहे.

११/
पुन्हा पाहण्याने काय हाती लागते, याचे एक उदाहरण. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील मेरिल कॅरॉल यांच्यासह केलेल्या अभ्यासात १४४ भोपाळवासीयांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले. त्यांपैकी ११ जणांच्या रक्तात खास मिकविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे सापडली. त्यांचे प्रमाण अल्प होते आणि बहुतेकांत ती पुढे नाहीशी झाली. म्हणजे वायू शरीरात शिरल्याची एक खूण रक्तात होती, पण ती थोडाच काळ राहणारी होती. वेळेवर नमुना घेतला तर पुरावा. वर्षभर उशीर झाला तर काहीच नाही. वाट पाहणे हा देखील पुरावा नष्ट करण्याचा एक मार्ग ठरू शकतो, मग तसा कुणाचा हेतू असो वा नसो.

१२/
इकडे भोपाळात उपचारांवरूनच संघर्ष पेटला होता. शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांच्या रक्ताचा लालभडक रंग खटकला आणि शरीरात सायनाइडसारखे विष असावे, अशी शंका त्यांनी मांडली. तसे असेल तर सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने उपयोगी पडायला हवीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, चाचणी घेऊन फेब्रुवारी १९८५ मध्ये या औषधाची शिफारस केली. तरीही ते सर्वांपर्यंत पोहोचले नाही. बाधितांच्या संघटनांनी चालवलेल्या जन स्वास्थ्य केंद्रात ही इंजेक्शने दिली जात होती. जून १९८५ मध्ये पोलिसांनी तेथील डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना अटक केली. औषधाच्या गुणावगुणांबद्दल तज्ज्ञांत मतभेद राहिले. मात्र कोणत्या रुग्णाला काय दिले आणि पुढे काय झाले, हे नीट टिपण्यातूनच तो वाद मिटू शकला असता, आणि तेच काम खंडित झाले.

१३/
महाराष्ट्राचा या कथेतील दुसरा धागा ‘मेडिको फ्रेंड सर्कल’चा. लोकाभिमुख वैद्यकाचा विचार करणारा डॉक्टरांचा हा गट १९७४ मध्ये स्थापन झाला, पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे मराठी डॉक्टर त्यात सक्रिय होते. मार्च १९८५ मध्ये या गटाने भोपाळात घरोघरी जाऊन पाहणी केली. कारखान्यालगतचे जे. पी. नगर आणि बरेच दूरचे अण्णा नगर अशा दोन गरीब वस्त्या त्यांनी निवडल्या. दोन्हीकडे दारिद्र्य, धूर आणि कुपोषण सारखेच. फरक होता तो वायूचा. “हे लोक गरिबीमुळेच आजारी आहेत” या युक्तिवादाला तुलनेखेरीज उत्तर नसते, हे त्यांनी ओळखले होते. लालबाग-चेंबूर-खारच्या अभ्यासामागचा विचारही हाच होता.

१४/
याच काळात डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी भोपाळच्या स्त्रियांची तपासणी केली. तोवर सगळ्यांचे लक्ष डोळ्यांकडे आणि छातीकडे होते. स्त्रियांना पाळी, श्वेतप्रदर, ओटीपोटाचे दुखणे, गर्भपात याबद्दल कुणी विचारलेच नव्हते, आणि न विचारता त्या सांगणार नव्हत्या. या दोघींनी बाधित वस्त्यांतील आणि बाहेरील स्त्रियांची तुलना करून स्त्रीरोगांचे जे प्रमाण मांडले, ते अस्वस्थ करणारे होते. पुढे राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातील स्त्रियांच्या आजारांवर केलेले काम १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर गाजले. केसपेपरवर जो रकाना छापलेला नसतो, तो आजार सरकारी हिशेबात अस्तित्वातच नसतो.

१५/
सरकारी पातळीवर आयसीएमआरने काम सुरू केले, तेही मोठ्या आवाक्याचे. वायूच्या तीव्रतेप्रमाणे शहराचे भाग पाडून ८०,०२१ बाधितांचा आणि १५,९३१ अबाधितांचा समूह नोंदवण्यात आला. जगातील फार थोड्या दुर्घटनांनंतर एवढी नोंद झाली असेल. हे काम १९९४ पर्यंत चालले आणि नंतर उरलेला पाठपुरावा राज्य सरकारच्या केंद्राकडे सोपवण्यात आला. दहा वर्षे हा काळ मोठा वाटतो. पण १९८४ मध्ये पाच वर्षांची असलेली मुलगी १९९४ मध्ये पंधरा वर्षांची होती. तिची गर्भारपणे, तिची मुले, तिच्या चाळिशीतली धाप, हे सगळे अजून यायचे होते.

१६/
दरम्यान हिशेब पुरा झाला होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये केंद्र सरकार आणि युनियन कार्बाइड यांच्यात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या वेळी अनेक बाधितांची वैद्यकीय तपासणी व्हायचीच होती. त्याच वर्षी डॉ. सी. सत्यमाला, निशित व्होरा आणि के. सतीश यांनी आपल्या पाहणीच्या आधारे दाखवले की, सरकारी वर्गवारीत इजांचे गांभीर्य प्रत्यक्षापेक्षा फार कमी धरले जात आहे. अखेरीस सुमारे पावणेसहा लाख लोकांना भरपाई मिळाली. त्यांतले पाच लाखांहून अधिक ‘किरकोळ इजा’ या वर्गात बसवले गेले. त्यांच्या वाट्याला साधारण २५ हजार रुपये आले आणि काही वर्षांनी आणखी तेवढेच.

१७/
‘किरकोळ’ हा शब्द इथे थांबून वाचावा. एखादी इजा किरकोळ आहे की कायमची, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे काळ. सहा महिन्यांनी धाप कमी झाली का? दोन वर्षांनी? दहा वर्षांनी? ज्याला पुन्हा तपासलेच नाही, त्याची इजा कायमची आहे हे कळणार कसे? पाठपुरावा नसला की प्रत्येक इजा आपोआप तात्पुरती ठरते. भरपाई वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली, तेव्हा हा अध्याय कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी संपला. धाप संपलेली नाही.

१८/
उपचारांची घडी मात्र हळूहळू बसत गेली, तीही बाधितांच्या रेट्यामुळे. १९९६ मध्ये सतीनाथ सारंगी आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या संभावना न्यासाचे मोफत चिकित्सालय सुरू झाले. युनियन कार्बाइडच्या समभागांच्या विक्रीतून उभे राहिलेले भोपाळ स्मारक रुग्णालय २००० साली आले. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, बाधितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणाव्यात आणि प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका व स्मार्ट कार्ड द्यावे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला दुर्घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी जे सांगावे लागले, ते सार एवढेच : प्रत्येकाचा केसपेपर करा आणि तो जपा.

१९/
हल्ल्यांनंतर वेगळे घडते का? २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी इराणमधील सरदश्त या कुर्द वस्तीच्या गावावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. शंभराहून अधिक नागरिक मेले, हजारो बाधित झाले. मस्टर्डचा एक क्रूर विशेष आहे : वर्षानुवर्षे बरे वाटणारे डोळे पुढे कधीतरी पुन्हा बिघडू शकतात. वीस वर्षांनी इराणी संशोधकांनी सरदश्तमधील ३७२ बाधितांची आणि शेजारच्या रबत गावातील १२८ अबाधितांची तुलना केली. जे. पी. नगर आणि अण्णा नगरचीच ही रचना. आणि तिथेही अडचण तीच : हल्ल्याच्या वेळी घेतलेल्या उपचारांचा कागद नसलेल्या अनेकांना बाधित म्हणून मान्यता मिळवणे अवघड गेले.

२०/
टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी एका पंथाच्या अनुयायांनी सारिन सोडले. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात पहिल्याच दिवशी ६४० रुग्ण आले. बहुतेकांना लवकर घरी सोडण्यात आले. कालांतराने डोळ्यांचा थकवा, डोकेदुखी आणि गाडीत पाऊल ठेवण्याची धास्ती घेऊन ते जगत असल्याचे दिसले. त्यांच्या दरवर्षीच्या तपासण्यांचा भार बराच काळ डॉक्टर व वकिलांच्या स्वयंसेवी गटाने वाहिला. बाधितांना सरकारी मदत देणारा खास कायदा २००८ मध्ये झाला, म्हणजे तेरा वर्षांनी. श्रीमंत देश, उघड गुन्हा, शिक्षा झालेले गुन्हेगार, आणि तरीही ‘परत दाखवायला या’ म्हणायला सरकारला तेरा वर्षे लागली. आंतरराष्ट्रीय पातळीवर रासायनिक शस्त्रबंदीचा करार १९९७ मध्ये अमलात आला. बाधितांसाठीचे साहाय्यजाळे त्याच्या संघटनेने २०११ मध्ये उभारले.

२१/
आता परत उपनगरांत. भोपाळला नऊ महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट १९८५ मध्ये चेंबूरच्या कॅलिको रसायन कारखान्यातून क्लोरीन गळला. ईप्रच्या खंदकांवर सोडलेला हाच तो वायू. एक मृत्यू झाला, शंभराहून अधिक माणसे बाधित झाली. शहराने निःश्वास सोडला आणि विषय मागे पडला. कारखान्यांशेजारी राहणे मात्र चालूच राहिले. २०१३ मध्ये केईएमच्याच डॉक्टरांनी माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांची पाहणी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांनी महिन्यातून अनेकदा धाप लागत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ च्या निकालात या पाहणीचा आधार घेतला. डॉक्टरांची नोंद या वेळी न्यायपीठापुढे वेळेत पोहोचली.

२२/
पण नोंद पोहोचणे आणि ती वाचली जाणे यांत अंतर असते. त्या निकालानंतरही, तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यावर, विद्याविहार-घाटकोपर परिसरातील कुटुंबांना त्याच माहुलच्या इमारतींत घरे देण्यात आली. लोकांनी आंदोलन केले, आजारपणाचे कागद गोळा केले, ते घेऊन उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना माहुलला जाण्याची सक्ती न करता दुसरीकडे राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला. हा वायुहल्ला नव्हता, भोपाळही नव्हते. इथली हानी हळूहळू, रोज थोडी थोडी होत होती. तरीही लढ्यातले हत्यार जुनेच होते : प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले केसपेपर.

२३/
या सगळ्यातून पुढील उपचारांची एक रीत हाती येते. पहिल्या दिवशीच नाव, पत्ता, वेळ आणि तो माणूस कुठे होता हे लिहावे. रक्तासारखे लवकर पुसले जाणारे पुरावे ताबडतोब घ्यावेत. शेजारच्या अबाधित वस्तीचीही तपासणी करावी, म्हणजे गरिबीचे निमित्त पुढे करता येणार नाही. स्त्रियांना आणि मुलांना वेगळे प्रश्न विचारावेत. मनाची जखम छातीच्या जखमेइतकीच गांभीर्याने लिहावी. तपासणी वर्षांनी नव्हे तर आयुष्यांनी मोजावी. आणि कागदाची एक प्रत रुग्णाच्या हाती असावी, कारण संस्था बंद पडतात, केंद्रे हस्तांतरित होतात, पण रुग्ण त्या शरीरातच राहतो.

२४/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना किल्ले, ताम्रपट आणि बखरी आवडतात, आणि ते योग्यच आहे. पण विसाव्या शतकाचा इतिहास लिहिणाऱ्याला आणखी एका साधनाची ओळख हवी : पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, डॉक्टरांच्या अगम्य अक्षरातला केसपेपर. चेंबूर, माहुल, गोवंडी, घाटकोपर इथल्या कित्येक घरांत असे कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून आहेत. त्यांवरील तारखा एकमेकींशी जुळवल्या, तर शहराच्या हवेचा असा इतिहास उभा राहील, जो कोणत्याही सरकारी अहवालात नाही. आजी-आजोबांना १९८५ सालचा तो ऑगस्ट आठवतो का, हे एकदा विचारावे. आणि घर आवरताना तो कप्पा रद्दीत जाण्याआधी एकदा उघडून पाहावा.

(धागा समाप्त)